तिसऱ्यांदा विचारल्यावर

माणूस तोंड उघडायच्या आधी त्याची पँट मला सगळं सांगून टाकते. धाराशिवच्या बाजारपेठेत भाड्याच्या एका अरुंद गाळ्यात बसून मी सत्तावीस वर्षं पँटी शिवल्या, तेव्हा एवढं बोलायचा हक्क मला आहे. घोट्यावर चुण्या पडलेल्या असतील तर माणूस आळशी. कमरेला पट्टा आवळून गोळा झालेली असेल तर पँट दुसऱ्याची. आणि मांडीला चिकटलेली असेल तर तो जागांचा एजंट. यात मी कधी फसलेलो नाही. फसलो ते दुसरीकडंच.

आमच्या बाजारपेठेचा कायापालट झाला म्हणतात. झाला बुवा. डांबर उखडून लाल-पिवळे पेव्हर ब्लॉक बसवले. मग कुणाला तरी आठवलं की खालून पाइपलाइन न्यायची राहिली, म्हणून ते उचकटले, आणि परत असे बसवले की म्हाताऱ्या बायका चपला हातात घेऊन चालतात. जुन्या वळणाचे दिवे लावले, त्यातले निम्मे लागतात. बाकडी टाकली, त्यांवर दुपारी शेळ्या बसतात. त्या सगळ्या सुशोभीकरणाचा खरा उपयोग शेळ्यांनीच केला, हे मान्य करायला पाहिजे. कोपऱ्यावर फोटो काढायला एक मोठं लाल बदाम उभं केलंय. येडशीहून, कळंबहून लग्नाचा बस्ता बांधायला निघालेली माणसं त्या बदामासमोर उभी राहतात, दात काढतात आणि कापड घ्यायला सोलापूरला जातात.

गाळ्याचा मालक पुण्यात राहतो. त्याच्या वडलांनी मला गाळा दिला तेव्हा तो शाळेत होता, त्याच्या खाकी चड्ड्या मीच शिवल्यात. त्या बदामाचा फोटो त्याला मोबाइलवर दिसला आणि आपलं गाव सुधारलं असा त्याचा समज झाला. त्यानं फोन केला.

"काका, गाळा विकायचा विचार आहे. म्हटलं, पहिलं तुम्हाला विचारावं. घेताय का?"

या एका प्रश्नासाठी मी किती वर्षं थांबलो होतो ते मलाच माहीत. पैशाची तजवीज झालेली होती. दुकानावरची पाटी वादळात पडली तेव्हापासून मी नवी रंगवली नव्हती, का तर ती गाळा आपल्या नावावर झाल्यावरच लावायची. या वयात मशीन उचलून नव्या गल्लीत नवं गिऱ्हाईक शोधायची माझ्यात ताकद नाही, हेही मला ठाऊक होतं. आणि मी काय म्हणालो?

"फुकट दिला तरी नको. भिंतीला ओल, वरून पत्रा गळतोय. दुसरं कुणीतरी येडं बघा."

हे बाहेरच्या माणसाला समजावून सांगावं लागेल. आमच्याकडं पहिल्यांदा कुणी हो म्हणत नाही. ताटात आणखी पोळी वाढायला आले की हात आडवा धरायचा. पुन्हा आले की पुन्हा धरायचा. तिसऱ्यांदा आले की 'बरं, अर्धी' म्हणून आख्खी खायची. सोयरीक अशीच जमते, बैलही असाच घेतात. पहिल्या विचारण्याला हो म्हणणारा माणूस हावरा आणि पहिल्या नाहीवर उठून जाणारा उर्मट. तिसऱ्यांदा म्हटलेली नाही मात्र खरी धरायची. कुठं लिहिलेलं नाही, पण शेंबड्या पोरालाही कळतं.

"बरं काका," तो म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

बरं? असं कुणी बरं म्हणतं? एवढी वर्षं पुण्यात राहून माणसाचं काय होतं ते मला त्या दिवशी कळलं. मी तोंडावर पडलो होतो, पण ते कबूल कसं करायचं? करील परत फोन, मी म्हटलं, जातोय कुठं.

फोन आला नाही, पाटी आली. 'गाळा विकणे आहे', खाली त्याचा नंबर. एका एजंटानं ती माझ्याच खिळ्याला अडकवली, जिथं माझी पाटी होती तिथं.

"तुमीच करा की फोन," बायको म्हणाली. "त्यो इसरला आसंल आपली रीत."

"मी का करू? गरज त्याला आहे."

तिनं माझ्याकडं असं बघितलं, की मी भिंतीकडं तोंड करून जेवलो.

मग बघायला येणाऱ्यांची रीघ लागली. दुकानात कुणी आलं की चहा सांगायचा ही माझी रीत, मग तो माझ्या पोटावर पाय द्यायला का आलेला असेना. समोरच्या नालीवर एकाची चहाची टपरी होती. सुशोभीकरणात ती उचलली गेली. तेव्हापासून तो हातगाड्यावर चहा करायचा आणि दर चार दिवसांनी कुणीतरी त्याला पुढं हाकलायचं. चहा घेऊन तो स्वतःच यायचा आणि ग्लास रिकामे होईपर्यंत दाराशी उभा राहायचा. त्याची पँट कशी होती ते मी सांगू शकत नाही. मी कधी बघितलीच नाही.

पहिला आला तो त्या एजंटानं आणलेला व्यापारी. एजंटाची पँट मांडीला चिकटलेली, सांगायलाच नको.

"काका, हा एरिया डेव्हलप होतोय," एजंट म्हणाला.

"व्हय. पावसाळ्यात नालीचं पाणी आत येतं, एवढा डेव्हलप झालाय."

व्यापाऱ्यानं पाय वर घेतले आणि अर्धा चहा टाकून तो गेला. ग्लास उचलताना चहावाला म्हणाला, "मामा, मग तुमीच का घेत न्हाय?"

"मला काय कुत्रं चावलंय?"

दुसरा आला तो गुडघ्यावर फाटलेल्या पँटीतला. फाटकी पँट विकत घेणाऱ्या माणसाला मी माणसात धरत नाही. त्याला इथं कॅफे काढायचा होता. मी त्याला कोपऱ्यातलं घुशीचं बीळ दाखवलं आणि घूस केवढी होती ते दोन हातांनी दाखवलं. हात जरा जास्तच लांब गेले असतील.

"मामा, खरंच घेणार न्हाय का तुमी?" चहावाल्यानं त्याही दिवशी विचारलं.

"तू चहा कर रे. गाळ्यातलं तुला काय कळतंय?"

तिसऱ्याची जमीन हायवेत गेलेली. पांढरी शुभ्र लिननची पँट, शिवणारा बरा होता. तो भिंत ठोकून बघत होता, कलिंगड घ्यायला आल्यासारखा. गाळ्याचं तोंड दक्षिणेला आहे, एवढंच मी हळूच म्हटलं. तो चहाला थांबलासुद्धा नाही.

त्या दिवशी चहावाला उंबऱ्याशी उकिडवा बसला. "मामा, शेवटचं इचारतो. घेताय का न्हाय?"

मला हसू आवरेना. "न्हाय, न्हाय, न्हाय! झालं समाधान?"

पुढच्या आठवड्यात एजंट येऊन माझ्यावर खेकसला. माझ्या तोंडामुळं भाव पार बसला म्हणाला. मला गुदगुल्या झाल्या. आता मालकाचा फोन येणार, पडेल भावात येणार, आणि मी आणखी एकदा नाक मुरडणार. आला की फोन! दुसऱ्या नकाराची तयारी करूनच मी तो उचलला.

"काका, इसार झाला गाळ्याचा. म्हटलं, तुम्हाला कळवावं."

"कुणाला दिला?"

"तुमच्या समोरच्या चहावाल्यांना. मी म्हटलं, एकदा नीट बघून घ्या. तर म्हणाले, ओल आहे, पत्रा गळतोय, घुशी आहेत, सगळं माहीत आहे."

मी चहा सांगितला नव्हता, तरी थोड्या वेळानं तो चहा घेऊन आला. माझ्या अंगाची आग होत होती.

"मला एका शब्दानं विचारायचं तरी होतंस!"

"इचारलं की मामा," तो शांतपणे म्हणाला. "एकदा न्हाय, तीनदा इचारलं. तिसऱ्यांदा न्हाय म्हणलं की मग न्हायच समजायचं, व्हय ना?"

त्या पुणेकरानं एकदा विचारलं, ते मी महिनोन्‌महिने मनात घोळवत बसलो. यानं रीतीनं तीनदा विचारलं, आणि ते मी मोजलंच नाही. चहावाल्यानं विचारलेलं काय मोजायचं! मला लगेच लाज वाटली असं लिहिणं सोपं आहे, पण ते खोटं होईल. आधी राग आला, मग भीती वाटली. लाज सगळ्यात शेवटी आली.

"दिवाळीपतुर बसा निवांत," तो म्हणाला. "मंग मला भट्टी मांडायचीय."

त्यानं ग्लास उचलायला हात पुढं केला तेव्हा मी पहिल्यांदा त्याच्या पँटीकडं बघितलं. गुडघ्यावर विटलेली, खालची दुमड एकदा सोडून वाढवलेली. ती मीच शिवलेली होती.

"त्या खिडकीच्या कोपऱ्यात एक मशीन मावतंय," मी म्हणालो. "राहू देता का?"

तो हातातल्या ग्लासाकडं बघत उभा राहिला. मीही उभा राहिलो. आमच्याकडं पहिल्यांदा कुणी हो म्हणत नाही.