ताप उतरल्यानंतरचे मामा

आमच्या चाकूरच्या मामांइतकं मन लावून दुसऱ्याचं आजारपण साजरं करणारा माणूस अख्ख्या लातूर जिल्ह्यात सापडणार नाही. मामा म्हणजे आईचे चुलतभाऊ. एसटीतून निवृत्त झालेले, मामी गेल्यापासून एकटे. कुणी अंथरूण धरलं की डॉक्टरच्या आधी मामा हजर. पेशंटच्या गोळ्यांवरची तारीख तपासायची, त्याच्याच शहाळ्यातलं अर्धं पाणी प्यायचं आणि उठताना धीर द्यायचा, "घाबरू नको. मुरुडच्या एकाला डिट्टो असंच झालं होतं. लई हाल न्हाई झाले, पटकन गेला." एकदा लातूरच्या एका दवाखान्यात ते चुकून भलत्याच खाटेपाशी दोन तास बसले. चूक कळली तरी त्या अनोळखी म्हाताऱ्याला सुट्टी मिळेपर्यंत रोज जात राहिले. पुढे त्याच्या नातीच्या लग्नात पाहुणे म्हणून मिरवले.

मग अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी मामांनाच ताप आला. डॉक्टर म्हणाले, व्हायरल आहे. पाच दिवस घरात माणसं मावेनात. सहाव्या दिवशी ताप उतरला आणि माणसं पांगली. अंगातली ताकद मात्र परत आलीच नाही. नळापर्यंत गेलं की धाप लागे, भांग पाडताना हात भरून येई, गॅसवर दूध ठेवल्याचं ध्यानात राहत नसे. तपासण्या झाल्या. "सगळे रिपोर्ट नॉर्मल हायत," मामा फोनवर म्हणाले, "म्हंजे मीच खोटा." मी हसलो. येतो म्हणालो आणि आठ महिने गेलो नाही.

गेलो तेही तहसीलच्या कामाला. जाता जाता डोकावलो. मामा खाटेवर बसून होते, सदरा खांद्यावरून ओघळलेला.

"कुणाला भेटायला आलास? कोण पडलंय?" त्यांनी विचारलं.

"तुम्हालाच," मी खोटं बोललो.

"मला?" ते गडबडले. उशी सारखी केली, गळ्याचं बटण लावलं. "मला काय झालंय? ताप तर कवाच गेला." मग म्हणाले, "रोज वाट बघायलोय. पण लोकांना नाव तरी काय सांगावं या दुखण्याचं?"

मी चारची गाडी सोडली, साडेपाचचीही. निघताना त्यांनी माझं मनगट धरून हळूच विचारलं, "तू आलास ते गल्लीत कुणी बघितलं का रे?"

दारात चप्पल घालता घालता मी मुद्दाम मोठ्याने ओरडलो, "मामा, जपा! रविवारी परत येतो!" समोरच्या ओट्यावर शेंगा निवडणाऱ्या दोघी बायांनी वर बघितलं. आतून मामांनी काहीतरी उत्तर दिलं. ते मात्र मलासुद्धा ऐकू आलं नाही.