ड्रमामागची वायर

दुष्काळ पडला की शहराच्या कडेच्या आमच्या पडेगावात पाण्याच्या ड्रमाला जावयाचा मान मिळतो. नळाला आठवड्यानं पाणी यायचं. शहर मात्र वाढतच होतं. नव्या बिल्डिंगांना 'सागर', 'सरिता' असली नावं आधी मिळायची, पाण्याचं मग बघू!

त्या साली मी घरी टायपिंगची कामं घ्यायला लागले होते. कॉलेजातल्या एका मॅडमचा प्रबंध सकाळी द्यायचा होता. नाही दिला तर पुढची सगळी कामं नाक्यावरच्या दुकानात जाणार, असं त्यांनी तोंडावर सांगितलं होतं. थोडीच पानं राहिली होती. आदल्या दुपारी कॉम्प्युटरचं बटण दाबलं. आतला पंखा फिरला, दिवे लागले, स्क्रीन मात्र काळीठिक्कर.

लगेच तज्ज्ञ जमले. नवरा शेंद्र्याला कंपनीत, म्हणून यंत्रातलं सगळं त्यालाच कळतं. तो म्हणाला, "व्होल्टेज नाय." सासऱ्यांनी उभा जन्म मेंढरं राखली. ते म्हणाले, "नजर लागली." दोघांनी आळीपाळीनं स्क्रीनला चापट्या मारल्या. माझा जीव टांगणीला, अन् यांचा खेळ!

मी वाकून पाहिलं. काल पाणी आलं तेव्हा सासऱ्यांनी ड्रम टेबलाला खेटून ठेवला होता. त्या धक्क्यानं स्क्रीनची वायर मागून निसटली होती. तिथं हात पोचायला ड्रम हलवणं भाग होतं, आणि ड्रम काठोकाठ भरलेला.

"मामा, ड्रम सरकवा."

"पाणी हाय ते! एक वेळ देव हलवीन, ड्रम नाय."

नवरा म्हणाला, "पाणी कमी झालं की बघू."

ओतून ठेवावं तर घरातली वाटीसुद्धा भरलेली. माझं टाळकंच सरकलं. "माझं काम चाललंय हातचं! पाणी कमी करायचंय ना? मग करा आंघोळी, डोक्यावरून, बादलीनं!"

महिनाभर दोघांनी तांब्याभर पाण्यात आंघोळ भागवली होती. मग मामाच आधी टॉवेल घेऊन उठले. लई वेळ लावला, आत गाणंही म्हटलं. नवऱ्यानं तर दोनदा केली.

ड्रम हलला, वायर बसली, स्क्रीन उजळली. प्रबंध सकाळी पोचला.

पाणी अर्ध्या आठवड्यातच संपलं. टँकरच्या रांगेत हंडा घेऊन मी एकटीच, दोन्ही तज्ज्ञ घरी. शेजारीण म्हणाली, "अगं, एवढा ड्रम संपला कसा?"

"कॉम्प्युटरला पाजला."

"अगं बाई! पितो व्हय तो?"

"एकटा नाय पीत. सोबतीला घरातले बाप्ये लागतात."