सेमलवरची वाघळं आणि अंगावरचे जंतू

दुर्गाबाई खांडेकरांना नुसतं बसलेलं कुणी पाहिलं असेल, तर शपथ! लग्न होऊन सांगलीहून उज्जैनला आल्या आणि सासूबाईंचं कडक सोवळं अंगात भिनलं. पुढे घरात केबल आली, तसे त्यात जाहिरातींतले जंतूही मिसळले. मग काय विचारता! दिवसभर पुसापुशी.

लेक मुक्ता बाळंतपणाला माहेरी, उज्जैनच्या माधव नगरला आलेली. रोज आंघोळीनंतर दुर्गाबाई बाळाला जंतुनाशकाच्या पाण्यानं गुपचूप पुसत होत्या. चांगल्यासाठीच हो! पण बाळाच्या अंगावर लाल चट्टे उठले आणि मुक्तानं अंगणातल्या सेमलकडे, म्हणजे आपल्या काटेसावरीकडे, बोट दाखवलं. झाड फुलांनी नुसतं लगडलेलं, तिन्हीसांजेला त्यावर वाघळांची झुंबड.

"ही त्यांचीच घाण. सकाळी झाड तोडायला माणूस येतोय. नाहीतर मी बाळाला घेऊन इंदूरला चालले."

गोपाळकृष्ण, म्हणजे दुर्गाबाईंचे यजमान, बायॉलॉजीचे रिटायर्ड मास्तर. ते उखडलेच.

"अगं, वाघूळ येतं फुलातला रस प्यायला. तोंडाला लागलेले पराग दुसऱ्या फुलाला देतं आणि पसार होतं. आपल्या कातडीवरही एक जंतू असतो, तो मात्र जन्मभर मुक्काम ठोकतो. आपल्या घामावर जगतो आणि वाईट जंतूंना टेकू देत नाही. एक पाहुणा, एक घरचा, पण दोघंही खाल्ल्या मिठाला जागतात."

"मग बाळाला का नाही राखलं त्यानं?" मुक्तानं विचारलं.

"कुणी त्यालाच धुऊन काढलं, तर तो बिचारा काय करणार?"

दुर्गाबाईंनी पुसलेला ओटा पुन्हा पुसला. गप्प राहावं, तर झाड जाईल, नातू राहील. बोलावं, तर लेक नातवाला पुन्हा हात लावू देईल का? रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

सकाळी लाकूडतोड्या आला. "माताजी, पूरा काटना है?"

"रुको भैया!" दुर्गाबाई ओरडल्याच. "मुक्ते, वाघळांचं काही नाही गं. मीच रोज पुसत होते त्याला, औषधाच्या पाण्यानं."

मुक्ता पांढरीफटक पडली. "मला एकदा विचारायचंस तरी, आई!"

तिनं बॅग भरली, ऑटो बोलावला. दुर्गाबाई दाराशी खिळल्यासारख्या उभ्या.

"उभी काय राहिलीस?" मुक्ता ऑटोतून म्हणाली. "चल, बस. पाण्यात काय घालत होतीस ते डॉक्टरांना तूच सांग."

ऑटो सुटला तशी मुक्तानं बाळ आईच्या मांडीवर ठेवलं, आणि तोंड फिरवून रडायला लागली.