डावा फोटो, उजवा फोटो

हे मी कुणापाशीच बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, योम किप्पुरच्या उपासात आम्ही वर्षभराची पापं कबूल करतो, तेव्हाही ओठांवर आणलं नाही. तुम्ही समोर बसला आहात, ऐकता आहात — म्हणून बोलतो. जमलं तर.

बेर्शेबात जंगल लावणाऱ्या कचेरीत मराठी बोलणारे आम्ही दोघंच, मी आणि सॅमसन. दोघंही ठाण्याचे ज्यू, एकत्रच इस्राएलला आलेले. विमानातून काढलेले जमिनीचे फोटो आमच्याकडे यायचे. गेल्या वर्षीची किती झाडं जगली ते त्यांवरून मोजायचं, आणि नवी लावायला ओलाव्याची सखल जागा शोधायची. एकाच जागेचे दोन फोटो शेजारी ठेवून दुहेरी भिंगातून पाहिले की जमीन उठून उभी राहते — टेकड्या वर, ओढे खाली.

मला ती कधीच उठलेली दिसली नाही. त्याला दोन्ही डोळे लागतात, आणि माझा डावा डोळा लहानपणापासून अधू. नोकरी जाईल म्हणून लपवलेला. मी नुसत्या जोड्या लावायचो, मेणाच्या पेन्सिलीने कोपऱ्यात डावा-उजवा लिहायचो. बघायचा सॅमसन. आणि बघताना हसायचा! 'अरे एझ्रा, ही निलगिरीची रोपं बघ, दाढीच्या खुंटांसारखी उभी आहेत.' मी म्हणायचो, हो, दिसली. काय दिसायचं मला? काळे ठिपके. साहेब त्याच्या खुर्चीमागे उभे राहून खांद्यावर हात ठेवायचे. माझ्या खांद्यावर कधी ठेवला? जळत होतो मी. त्याच्या हसण्यावर, त्याच्या दोन धडधाकट डोळ्यांवर. शनिवारी त्याच्याच घरी जेवायचो, आणि त्याच्या बायकोने वाढलेला घास गिळतानाही जळायचो.

एकदा येरुहामकडच्या उजाड जमिनीचे फोटो आले. घर नाही, झाड नाही, रस्ता नाही — ओळखीची एक खूण नाही. मी एका जोडीवर... नाही, सरळच सांगतो. सगळ्याच जोड्यांवर डाव्याला उजवा लिहिलं, उजव्याला डावा. असं केलं की भिंगात टेकडीचा खळगा होतो, हे मला ठाऊक होतं. सॅमसननेच शिकवलं होतं.

तो थबकला. 'एझ्रा, उलटे तर नाही लावलेस? चेक केलंस ना?'

'केलं,' मी म्हणालो. माझ्या त्या एका शब्दावर त्याने नकाशा काढला.

लॉरीभर रोपं घेऊन माणसं तिथे पोचली, तर नकाशात जिथे खळगा तिथे कोरडं टेकाड. रोपं उन्हात सुकली. साहेब भडकले, तेच फोटो पुन्हा भिंगाखाली लावून बघा म्हणाले. तोवर मी पेन्सिल पुसून सगळं बरोबर लिहून ठेवलं होतं. सॅमसन भिंगावर वाकला. या वेळी टेकडी टेकडीच दिसली त्याला. तो पांढराफटक पडला. त्याला संशय कुणाचा आला असेल? माझा? छे. स्वतःच्या डोळ्यांचा.

खुर्ची त्याने आपणहून सोडली आणि येरुहामच्या कारखान्यात लागला. जाताना मुंबईहून आणलेलं खिशातलं भिंग त्याने माझ्या हातात ठेवलं. 'माझ्या डोळ्यांचा आता भरवसा नाही रे. तुझे चांगले आहेत. जप त्यांना.'

मी भिंग घेतलं. थँक्यू म्हणालो. दुसऱ्या दिवशी त्याच्या खुर्चीत बसलो, दोन फोटो शेजारी ठेवले, आणि साहेबांनी विचारल्यावर सांगितलं — हो, छान उठून दिसतंय.