सागाच्या कपाटावरचा तेलाचा थर

हात तीनदा धुतले तरी बोटांचा रिठ्याचा आणि खोबरेलाचा वास जात नाही. ओटीवर बसून लिहितोय आणि मधेच बोटं नाकाशी जातात. पाचवीपर्यंतची माझी शाळा, अक्षर कोंबडीच्या पायासारखं. पण बायको जाऊन आठ महिने झाले आणि ज्या गोष्टी तिच्याशी बोलायच्या त्या कुठं ठेवायच्या हे मला कळेनासं झालंय. पहिल्या महिन्यात चुलीजवळ आवाज झाला की मागं वळून बघायचो. आता वळत नाही. मान दुखते आणि मागं कोणी नसतं.

कपाट माझ्या आज्यानं आणलेलं, म्हणजे शंभरीला आलेलं. अस्सल साग, वर लाखेचं पॉलिश. लहानपणी मी त्याच्या दारात माझं तोंड बघितलेलं आठवतं. मग ते चुलीशेजारी आलं आणि त्याच्या अंगावर आमच्या घराचं सगळं जेवण बसत गेलं. बोंबलाचं तेल, फोडणीचा धूर, सणाच्या वड्यांची वाफ, पावसाळ्यात ओल्या लाकडांची काजळी. थरावर थर बसून ते काळंमिट्ट झालं. नख लावलं तर नखात मेणासारखं बसायचं. बायको दर दिवाळीला म्हणायची, "अवो, कपाट तेवढं पुसून द्या ना. माजा हात वर नाय पोचत." मी म्हणायचो, "बघू." चाळीस दिवाळ्या मी नुसतं बघू म्हटलं. भात झोडायचं असायचं, बैल असायचे, काही नाही तर झोप असायची.

आता मुलगा मला वाशिंदला घेऊन चाललाय. इथलं घर बंद होणार. मी म्हटलं, कपाट येणार असेल तर मी येतो. सून वाईट नाही, पण तिनं दाराला बोट लावलं आणि ते पदराला पुसलं. "बाबा, एवढं चिकट घरात नेलं तर झुरळं होतील. दोन खोल्यांत कुठं ठेवायचं?" मुलगा म्हणाला, "रविवारी टेंपो येतोय. तोवर साफ झालं तर नेऊ. नाय तर इथंच राहूद्या." इथंच राहूद्या म्हणजे पुढच्या पावसाळ्यात वाळवीच्या पोटात. हे त्यालाही माहीत, मलाही.

आमच्याकडं काहीही घासायचं तर भाताच्या तुसाची राख. टोप राखेनं, तवा राखेनं, दातसुद्धा राखेनं. मीही ओंजळभर राख ओल्या काथ्यावर घेतली आणि कपाटाच्या कुशीला जोर लावून घासलं. तेल निघालं. त्याच्याबरोबर लाखही निघाली. वीतभर जागा भाजलेल्या कातडीसारखी पांढरी पडली. जिवंतपणी तिचं एक काम केलं नाही, आणि मेल्यावर करायला गेलो तर शंभर वर्षांच्या लाकडाची सालटी काढली. त्या दिवशी मी जेवलो नाही.

दुसऱ्या दिवशी धसईला गेलो. तिथं माझ्याहून म्हातारा एक सुतार आहे, डोळ्यांनी अधू, पण हातानं लाकूड ओळखतो.

"काय लावलंस?"

"राख."

"राख? टोप होता काय रे तो? बायको गेली ती तुजी अक्कल बी घेऊन गेली."

आठ महिने सगळे माझ्याशी आजाऱ्याशी बोलावं तसं बोलत होते. त्याच्या शिवीनं मला बरं वाटलं.

मग त्यानं सांगितलं. सोडा नको, तारेची घासणी नको, स्पिरिट तर नकोच, लाख विरघळते. "खोबरेल कोमट कर, फडक्यानं लाव आनी गप बस. नव्या तेलानं जुनं तेल ढिलं पडतं. मग बांबूच्या कामटीनं हळू उचल, खरवडू नको. शेवटी रिठ्याच्या पान्यात फडकं बुडव, घट पिळ, लाकडाची रेघ जाईल तसं फिरव आनी लगेच सुक्या फडक्यानं पूस. आदी पाठीमागं करून बघ."

"येळ किती लागंल?"

"तुला कसली घाई? घरी कोन वाट बघतंय?" म्हणाला आणि त्याचं त्यालाच कसंतरी झालं. उठून त्यानं स्वतःच्या हातानं मला दोन कामट्या तासून दिल्या.

चार दिवस तेच केलं. कामटीच्या टोकावर काळा लगदा यायचा आणि तो अंगणात टाकताना माझा हात अडायचा. त्यातला कुठला थर मुलाच्या बारशाचा, कुठला लेकीच्या लग्नाचा, कोणास ठाऊक. तिनं रांधलेलं मी आता फडक्यानं पुसून फेकत होतो. न पुसावं तर कपाट जातं, पुसावं तर तिच्या हातचा वास जातो. दोनदा मी कामटी ठेवून दिली आणि दोनदा उचलली. तिसऱ्या दिवशी दुपारी लाखेचा तांबूस रंग वर आला, आणि आनंद व्हायच्या ऐवजी मला रडू आलं. शेजारीण डोकावून गेली.

काल शेवटचा भाग उरला होता, उजव्या दाराची खालची कड. तिथं थर सगळ्यात जाड. कपाटाची मूठ वर आहे, पण बायको चुलीपुढं बसलेली असायची. उठायला नको म्हणून खालूनच कडेला बोटं घालून दार ओढायची. तेल लावलं, तास दीड तास थांबलो, कामटीनं उचललं. खाली लाख नव्हतीच. मला वाटलं, पुन्हा मीच घालवली. चष्मा लावून वाकून बघितलं, तर लाकूडच आत गेलेलं. चार बोटांचा खोलगट भाग, गुळगुळीत, नदीतल्या धोंड्यासारखा.

आज सकाळी मुलगा-सून दोघं आली. सुनेनं दारावरून हात फिरवला, हात बघितला आणि म्हणाली, "बाबा, चांगलं निघालं. बाहेरच्या खोलीत ठेवू." मुलगा खालच्या कडेशी वाकून म्हणाला, "इथं पॉलिश उडालंय. वाशिंदला माणूस हाय, लांबी भरून खड्डा बुजवून देईल."

"तिथं कोनी हात लावायचा नाय."

तो उकिडवा बसला. मग कड बघितली, आणि चुलीची जागा बघितली. "बरं," म्हणाला. आता दोघं शेणव्याला दोर आणि उचलायला माणसं बघायला गेलीत.

मी मघाशी कपाटापाशी खाली बसलो. त्या खोलगटात माझी बोटं बसत नाहीत, जाड आहेत. वास गेला, तो काही परत येत नाही. झीज तेवढी राहिली. चाळीस वर्षं त्याच खोलीत जेवलो. लाकूड झिजत होतं ते मला दिसलं नाही, कारण वर तेल होतं. आणि तेल दिसलं नाही, कारण तोवर पुढ्यात ताट आलेलं असायचं.