जिरं चालतं, जिरं चालत नाही

धर्मात इतके पंथ कसे निघतात, हे समजायला मला लांब जावं लागलं नाही. एक पंथ भोईवाड्याला आमच्या स्वयंपाकघरात होता आणि दुसरा घोडपदेवला मावशीच्या. आई आणि मावशी सख्ख्या बहिणी, लालबागच्या एकाच खोलीत वाढलेल्या. पण एकादशीला एकमेकींच्या हातची साबुदाण्याची खिचडी खायच्या नाहीत. कारण जिरं. मावशीच्या मते उपासाला जिरं चालतं. आईच्या मते चालत नाही.

दर आषाढी-कार्तिकीला मावशी भोईवाड्याच्या देवळात दर्शनाला यायची आणि तिथून आमच्याकडे, स्वतःचा डबा घेऊन. मावशीची खिचडी साजूक तुपातली, जिऱ्याची, वर कोथिंबीर भुरभुरलेली. आईची पांढरीफटक: साबुदाणा, दाण्याचं कूट, मिरची, मीठ, संपलं. दोघी समोरासमोर बसून आपापल्या ताटलीत बघत खायच्या. मी दोन्हींकडून वाढून घ्यायचे. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ असं लोक चेष्टेने म्हणतात, मी ते व्रतासारखं पाळलं.

शास्त्रार्थ दरवर्षी व्हायचा. आई म्हणायची, जिरं हा मसाला, आणि मसाला उपासाला चालत नाही. मावशी म्हणायची, साबुदाणा जड, जिरं पाचक, भक्ताचं पोट बिघडावं असं देवाला वाटेल का? मी एकदा विचारलं, “आई, मग मिरची मसाला नाही का?” आई म्हणाली, “मिरची ही मिरची आहे.” यावर वाद घालता येत नाही. शेवटी दोघी एकाच वाक्यावर यायच्या: “आई असंच करायची.” आई म्हणजे माझी आजी. ती जाऊन बरीच वर्षं झाली होती, त्यामुळे तिला विचारायची सोय नव्हती, आणि म्हणून तर दोघींचं छान चाललं होतं. जो बोलायचा थांबतो, त्याच्या वतीने बोलणारे वाढतात. देवाचंही तसंच झालं असावं असा मला दाट संशय आहे.

ऑफिसातल्या मैत्रिणीला मी हे सांगितलं. ती नायगावची, बौद्ध घरातली. ती हसत सुटली. “आमच्यात उपासच नाही, म्हणून जिऱ्यातून सुटलो. पण जयंतीला आमच्या चाळीत मंडळं दोन. वंदना तीच, माइक वेगळे. का फुटलात विचारलं, तर दोन्हीकडचे म्हातारे एकमेकांकडे बोट दाखवतात.”

हसण्यावारी नेलं तरी एक गोष्ट मला ठाऊक होती. मावशीचं घर मोठं, मावशीच्या सुना नोकरीवाल्या, मावशीचं सगळंच वरचढ. फक्त उपास आईचा कडक. “आमच्यात कडक असतं बाई,” असं म्हणताना तिची मान जी ताठ व्हायची, ती एरवी वर्षभरात कधी व्हायची नाही.

गेल्या आषाढीला गावाहून मामा आला होता. तो दोघींच्या मधला. गिरणी बंद पडल्यावर आजोबांबरोबर कोकणात गेला तो तिथलाच झाला. त्याने दोन्ही खिचड्या शेजारी शेजारी वाढून घेतल्या तेव्हा मला राहवलं नाही.

“मामा, आजी जिरं घालायची की नाही? आज निकाल लावूनच टाक.”

दोघींचे घास थांबले. मामा खाता खाता म्हणाला, “घरात असला तर चलायचा, नसला तर चलायचा नाय. तेवढाच आपल्या आवशीचा शास्त्र.”

“म्हणजे काय, दादा?” आईने विचारलं.

“म्हंजे काय? बाबांची गिरण चालू होती तेव्हा चलायचा. संप झालो, आणि जिरा चलायचा बंद झाला. मग तूप. मग कोथमीर. पोरांनी मागला तर ती काय सांगतली? घरात नाय म्हणूक तिची जीभ वळा नाय. म्हणायची, उपासाक चलत नाय.”

मी मनात वर्षं जुळवली. मावशी स्वयंपाक शिकली ती गिरणीच्या पगाराच्या दिवसांत, आणि संपाआधी लग्न होऊन घोडपदेवला गेली. आई चुलीपाशी बसायला लागली ती संपात. आजीने जे सांगितलं ते तिने धर्म म्हणून उचललं आणि आयुष्यभर सांभाळलं. गंमत बघायला म्हणून मीच काडी टाकली होती, पण आईचा चेहरा बघून माझं हसू पार पळालं.

मावशी जिंकली होती. “बघ, मी म्हणत नव्हते?” असं ती म्हणेल म्हणून मी श्वास रोखून बसले होते. ती म्हणाली, “मला कुणी कळवलंसुद्धा नाही गं. हाकेच्या अंतरावर तर होते.”

“तुझ्या सासरी कळू नये म्हणून नसेल कळवलं,” आई म्हणाली आणि ताटल्या उचलायला लागली. मामा तेवढा शांतपणे दुसऱ्यांदा वाढून घेत होता.

कार्तिकीला आईने साबुदाणा भिजवला. मिसळणाचा डबा समोरच होता. मी जरा भीतभीतच म्हटलं, “आता घालायला हरकत नाही ना जिरं?”

आईने मिरच्या चिरता चिरता माझ्याकडे पाहिलं. “माझ्या आईने जे झाकलं, ते मी उघडं करू? आमच्यात चालत नाही म्हणजे नाही.” आणि मान पुन्हा तशीच ताठ.

दुपारी मावशी आली. हातात फुलांची पुडी होती, डबा नव्हता. मी आईकडे बघितलं, आई कढईकडे बघत राहिली. मावशी पाय धुऊन नेहमीच्या जागी बसली आणि तिने रिकामी ताटली पुढे केली.

“ताई, जिरं नाहीये हं त्यात,” आई म्हणाली. “तूपही नाही.”

“असू दे गं,” मावशी म्हणाली. “आमच्यात चालतं.”