टबातली साम्राज्यं

गजभियेंच्या मुलाचा, आनंदचा फोन आला तेव्हा माझे दोन्ही हात कोपरापर्यंत चिखलात होते. सिंगापुरात जुरोंग ईस्टला आमच्या मजल्यावरच्या कॉरिडॉरमध्ये, त्यांच्या आणि आमच्या दारांच्या मधे, एक निळा प्लास्टिकचा टब असतो. त्यातली माती भिजत घालायला गजभियेंनी मला नोव्हेनाच्या हॉस्पिटलातून बजावलं होतं. "शाळेला सुट्टी लागायच्या आधी माती मुरली पाहिजे जी शेळके. मी येतोच शनिवारी." शनिवारी त्यांना घरी सोडणार होते. फोन शुक्रवारी आला. माझ्या नातीनं, तन्वीनं, तो माझ्या कानाला धरला. आनंद एवढंच म्हणाला, "काका, बाबा गेले..." मी म्हटलं, "माती भिजवलीय म्हणून सांग त्यांना." काय बोललो ते मला फोन ठेवल्यावर उमजलं.

गजभिये नागपूरकडचे, बौद्ध, शिकून मातीचे इंजिनियर झालेले. इथं एमआरटीचा, म्हणजे मेट्रोचा, बोगदा खणण्याआधी खालची माती कशी आहे, भार सोसेल का, पाणी किती धरते, हे तपासण्यात त्यांची सगळी नोकरी सरली. मी चौथीपर्यंत शाळेत गेलेला वेल्डर. तुआसच्या यार्डात जहाजांच्या पोटात वाकून माझी उमर गेली, आणि त्याची मला लाज नाही, उलट तोराच आहे. मी जोडलेला पत्रा समुद्रात उघडला असं मला अजून कुणी सांगितलेलं नाही. तर अशा दोन माणसांचं जमायचं काही कारण नव्हतं. जमलं ते भांडणातून.

तन्वी तेव्हा बालवाडीत होती. डिसेंबरची सुट्टी, बाहेर दिवसभर पाऊस, आणि मजल्यावरची सगळी पोरं या टबाभोवती चिखलात बसलेली. मधे गजभिये, लुंगी खोचून. मी विचारलं, काय चाललंय. म्हणाले, किल्ला. मी म्हटलं, "किल्ला दिवाळीत करतात. ही काय वेळ झाली?" ते म्हणाले, "दिवाळीत यांच्या परीक्षा असतात जी. आणि दिवाळी तशी माझी नाही. पण माती माझी आहे." मी वाकून पाहिलं. ना बुरुज धड, ना गुहेत वाघ. विचारलं, "महाराज कुठं बसणार?" तर म्हणाले, "महाराज यायला अजून दोन हजार वर्षं आहेत. हे बाबिलोन आहे." मी सांगितलं की महाराजांशिवाय किल्ला मी ऐकलेला नाही. "मग ऐका," म्हणाले, आणि पायानं एक स्टूल माझ्याकडे सरकवलं. मी काही ऐकायला बसलो नव्हतो. गुडघे दुखत होते म्हणून बसलो.

त्या स्टुलावर बसून मी पुढं कितीतरी राज्यं बुडताना पाहिली. गजभियेंना गोष्ट सांगायची हौस होती, पण लढाया ते भराभर उरकायचे. त्यांचा जीव विटांत. बाबिलोनचा राजा म्हणे प्रत्येक विटेवर आपल्या नावाचा शिक्का मारायचा, म्हणजे नाव कायम राहील. पोरांनी मग आपापल्या नावाचे शिक्के मारून विटा पाडल्या. "मग राज्य गेलं," गजभिये म्हणाले, "आणि शेजारच्या गावांतल्या लोकांनी त्या विटा काढून नेल्या अन् स्वतःची घरं बांधली. राजाचं नाव कुणाच्या चुलीमागं, कुणाच्या गोठ्यात." पोरं हसली. मी म्हटलं, चोरीच की ही. ते म्हणाले, "काहून चोरी? राजानं वीट कशासाठी पाडली होती, घरासाठीच ना?" दुसऱ्या एका वर्षी निनवे केलं. तिथल्या राजानं मातीच्या पाट्यांवर लिहिलेली पुस्तकं जमवली होती. शत्रूनं शहर जाळलं, आणि त्या आगीत कितीतरी पाट्या भाजून अशा पक्क्या झाल्या की आजही वाचता येतात. हे सांगताना त्यांचे डोळे असे चमकायचे, जणू त्यांनीच त्या राखेतून उचलल्या.

सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी मात्र त्यांचं ठरलेलं असायचं. किल्ला मोडायचा. सुरुवात राजवाड्यापासून, शेवट शेतांवर. सगळी माती परत टबात. हे मला कधीच पटलं नाही आणि मी ते तोंडावर सांगितलं. मोडायचंच असेल तर करायचं कशाला? आणि मातीला इथं काय तोटा आहे, नर्सरीत पिशव्या भरून मिळते, दर वर्षी नवी आणा. ते म्हणाले, "नव्या मातीत काही नाही जी. ह्या टबात बाबिलोन आहे. त्याच्याशिवाय निनवे कसं उभं राहणार?" मी घरात जाऊन दार लावून घ्यायचो. मोडताना पोरांचा होणारा गलका ऐकायला नको म्हणून टीव्हीचा आवाज वाढवायचो.

पाटलीपुत्राच्या वर्षी मी दार लावलं नाही, खुर्ची लावली. ते अशोकाचं पाटलीपुत्र होतं आणि गजभियेंनी त्यात जीव ओतला होता. सातेच्या, म्हणजे इथल्या भाजलेल्या मांसाच्या, काड्या धुऊन, वाळवून त्यांनी गावाभोवती लाकडी तट केला, कारण खरा तटही लाकडाचा होता आणि पाटण्याला चिखलाखालून त्याची लाकडं निघाली आहेत म्हणे. कंडेन्स्ड मिल्कच्या डब्याची दोन्ही तोंडं कापून त्यात माती दाबायची आणि डबा वर ओढायचा, की बुरुज तयार. तटाबाहेर खंदक, त्यात पाणी. इतकं देखणं काम मोडायचं? मी खुर्ची टाकून समोर बसलो. गजभियेंनी पाहिलं, पोरांना म्हणाले, "चला रे. या वर्षी सेनापतीनं वेढा घातलाय." वाद घातला नाही. आठवडाभर मी पाटलीपुत्र राखलं. मग डास तपासणारे अधिकारी मजल्यावर आले. त्यांनी बॅटरीचा झोत टाकला तो थेट खंदकात. अळ्या वळवळत होत्या. पलीकडच्या दारात राहणाऱ्या मॅडम लिम, ज्यांच्या कुंड्यांनी अर्धा कॉरिडॉर भरलेला असतो, त्या मला म्हणाल्या, "अंकल, युअर किंग कीपिंग मॉस्किटो, लाह." गजभिये दारात उभे राहून हसत नव्हते, पण पोट हलत होतं. "परकीय आक्रमण नाही, दुष्काळ नाही," म्हणाले, "मौर्यांचा अंत डासांनी झाला हे इतिहासात नोंदवायला हवं जी." मी अजूनही म्हणतो, खंदक कोरडा केला असता तर ते पाटलीपुत्र टिकलं असतं.

त्याच संध्याकाळी खाली हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांत, कोपी म्हणजे इथली कॉफी पिताना त्यांनी विचारलं, "एक सांगा. तुम्हाला मोडायचा इतका राग का?" मी हा विषय कुणाशी काढत नाही. घरातही नाही. पण त्या दिवशी सांगितलं. आमचं गाव पैठणजवळचं, गोदावरीच्या काठी. पैठणला धरण झालं आणि गाव पाण्याखाली गेलं. आम्हाला विचारायला कुणी आलं नव्हतं, सांगायला आले होते. मी पोरगेला होतो. धरणाच्या लोखंडी दारांचं काम चाललं होतं, तिथं हाताखाली लागलो आणि वेल्डिंग शिकलो. ज्या दारांनी गाव बुडवलं त्यांनीच मला पोटाला लावलं. याचं काय करायचं ते मला आजवर समजलेलं नाही. दुष्काळाच्या उन्हाळ्यात पाणी हटतं तेव्हा मारुतीचं देऊळ अन् चार भिंती वर येतात, असं भाऊबंद सांगतात. मी बघायला गेलो नाही.

गजभियेंनी कप खाली ठेवला. "पैठण? म्हणजे प्रतिष्ठान? अहो, तुम्ही राजधानीचे माणूस, अन् इतकी वर्षं माझ्या दारात बसून बाबिलोनच्या विटा मोजता?" मग सातवाहनांचं सुरू झालं. साडेचारशे वर्षांच्या आसपास टिकलेलं राज्य, पार समुद्रापलीकडं चालणारा व्यापार, शिशाची नाणी. मी म्हटलं, नांगरताना आमच्या पांढरीत, जुन्या वस्तीच्या जागेत, रंगीत मणी निघायचे, आम्ही पोरं त्यांनी गोट्यांसारखं खेळायचो. ते ऐकून माणूस उठून उभाच राहिला. "पुढच्या सुट्टीत प्रतिष्ठान," म्हणाले, "अन् नदीच्या वरच्या अंगाला तुमचं गाव." मी विचारलं, त्या काळी आमचं गाव होतं कशावरून? "मग राजधानीला भाजी कोण घालत होतं?"

हॉस्पिटलात शेवटचे भेटलो तेव्हा आवाज खोल गेला होता, पण डोक्यात तेच. अंगावरच्या चादरीला चुणी पाडून त्यांनी गोदावरी केली. "ही नदी. इथं राजधानी. तुमचं गाव कुठं, बोट ठेवा." मी त्यांच्या गुडघ्याशी बोट ठेवलं. त्यांनी तिथं नखानं खूण केली आणि म्हणाले, "या वर्षी खुर्ची नाही हं शेळके. मोडायचं तुम्ही." मी म्हटलं, ते तुमचं काम आहे, शनिवारी या आणि करा. "बघू," म्हणाले.

दहनाच्या वेळी आनंदनं आणि त्याच्या मित्रांनी त्रिशरण म्हटलं. मला ते येत नाही, मी हात जोडून उभा होतो. त्यानंतर मी टबाकडं पाहिलं नाही. झाकण लावून टाकलं. तन्वीनं एकदा विचारलं, "आबा, आर वी स्टिल डूइंग युअर व्हिलेज?" मी नाही म्हणालो. मला वाटत होतं, माणूसच राहिला नाही तर माती कालवून काय करायचं. आणि खरं सांगायचं तर भीती दुसरीच होती. केलं, तर मोडावं लागणार होतं. गाव एकदा गेलेलं पुरे होतं मला.

मग एका सकाळी आनंद आला. टब उचलून नेऊ का म्हणाला, घर आवरत होता. मी म्हटलं थांब, आणि झाकण काढलं. आत सगळं पिवळट हिरवं झालेलं. गजभिये किल्ल्यावर शेतं म्हणून मोहरी पेरायचे, त्यातले उरलेले दाणे मातीत राहून गेले असणार. मी माती भिजवली ते पाणी त्यांनाही लागलं. उजेड नाही, वारा नाही, तरी माना वाकड्या करून झाकणापर्यंत आलेली. आनंद बघतच राहिला. मी त्याला म्हटलं, "टब जागचा हलायचा नाही. तू पण बस खाली, बाह्या सरसाव." सुट्टीच होती, तन्वीनं पोरं गोळा केली. मिल्कचा डबा गजभियेंच्या खिडकीत सापडला.

प्रतिष्ठान आम्ही केलं. गजभियेंइतकं सुबक झालं नाही, राजवाडा एका बाजूला कलला. गाव मात्र मी कुणाला हात लावू दिला नाही. मारुतीचं देऊळ, त्याच्यापुढचा पार, वेस, आमचं घर, विहिरीकडं जाणारी वाट. बोटांना सगळं पाठ होतं, मला ठाऊक नव्हतं. तन्वी शेजारी बसून विचारत होती, हे कुणाचं घर, ते कुणाचं, आणि मी नावं सांगत गेलो. जन्मभर इंग्रजीत उत्तर देणारी पोर ती नावं पुन्हा पुन्हा म्हणून बघत होती. तिचे आईबाप जन्मायच्याही आधी गेलेली माणसं, त्यांची नावं सिंगापूरच्या कॉरिडॉरमध्ये.

सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी पोरं टबाभोवती जमली आणि माझ्याकडं बघू लागली. खुर्ची मी आतच ठेवली होती. राजवाड्यापासून सुरुवात केली, रीत तशी आहे. मग तट, मग बाजार. शेवटी गाव राहिलं. तन्वी हळूच म्हणाली, "आबा, हे राहू दे." अगदी माझाच आवाज. मी तिला सांगितलं, मागच्या वेळी हे गाव गेलं तेव्हा आम्हाला कुणी विचारलं नव्हतं. या वेळी मी ठरवतोय. आणि दोन्ही तळहातांनी देवळापासून विहिरीपर्यंतची माती ओढून घेतली. माती गार होती. वाईट वाटलं, पण वाटलं होतं तितकं नाही. बाबिलोन, निनवे, पाटलीपुत्र आणि आमचं गाव आता एका टबात आहेत, आणि तिथं आमच्या गावाला कुणी लहान म्हणणार नाही.

झाकण मी परत लावलेलं नाही. गजभियेंचं स्टूल टबाशेजारी असतं, सकाळी मी त्यावर बसतो. काल मॅडम लिम आपल्या कुंड्यांना पाणी घालत आल्या आणि झारीतलं उरलेलं पाणी त्यांनी टबात ओतलं. मी म्हटलं, मॅडम, त्यात काही लावलेलं नाही. त्या पुढच्या कुंडीकडं वळल्या होत्या, मागं न बघता म्हणाल्या, "नेव्हर माइंड, अंकल. लेटर समथिंग कम." मी वाकून पाहिलं, पाणी साचलंय का. साचलं नव्हतं. मातीनं सगळं पिऊन टाकलं होतं.